तक्रारीचा रकाना

बांबोळीला, मनाच्या इस्पितळात, नोंदणीच्या खिडकीत माझी ड्यूटी आठ ते दोन.
दोडामार्गहून पहिली गाडी, डबा मांडीवर,
कंत्राट अकरा महिन्यांचं.
म्हणजे मीही इथली नाही,
पण काचेच्या आतल्या बाजूला आहे, एवढंच.

बुधवारी दोघे आले, कुटबणच्या जेटीवरून, तीन बस बदलून.
कपड्यांना डिझेलचा आणि बांगड्याचा वास.
एक डोबरो सिंकू, चाईबासाकडचा.
दुसरा बोटीवर भात शिजवणारा सुखलाल बिरुआ.
दोघांत त्यालाच हिंदी यायचं,
तेही तांडेलाच्या शिव्या कळण्यापुरतं.

पत्ता?
सुखलालने ट्रॉलरचा नंबर सांगितला.
घराचा, मी म्हटलं.
त्याने पुन्हा तोच नंबर सांगितला, सावकाश,
मला आकडे कळले नसावेत अशा समजुतीने.

इथलं कार्ड? नाही.
सोबत नातेवाईक?
त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग काढून घेतलं.
तक्रार?

तेव्हा डोबरो पहिल्यांदा बोलला.
एकच शब्द, आखूड, घशाच्या मागून आलेला.
सुखलाल म्हणाला, इसका हिंदी नहीं है, मॅडम.

मी माझ्याकडचे शब्द काढले.
घाबरायला होतं? भास होतात?
आमच्याकडे म्हणतात, जीव थाऱ्यार नाय, तसं?
एकेक शब्द सुखलालकडे, तिथून डोबरोकडे,
परत यायचा तो ओला होऊन, अर्धा सांडून.
मागे रांग खाकरत होती.
हाती आलं ते इतकंच:
बंदीच्या दोन महिन्यांत सगळे गावी गेले,
हा जाळी राखायला राहिला.
तेव्हापासून इंजिन बंद असलं तरी ह्याला ऐकू येतं.
बर्फाच्या खणातून कोणीतरी नाव घेतं,
घरातलं नाव,
जे बोटीवर कोणाला माहीतच नाही.

तांडेल म्हणाला होता, दारू कमी कर.
हा पीत नाही.

रकान्यात जागा एका ओळीची.
मी लिहिलं, झोप नाही.

आत डॉक्टरीणबाईंनी सवयीने कोंकणीत विचारलं,
"न्हीद पडटा?"
मग हिंदीत. मग सुखलालने त्यांच्या बोलीत.
डोबरो मात्र पहिल्याच शब्दाशी थांबलेला,
ओठांनी तो उलटसुलट करून बघत होता,
जाळ्यात आलेला अनोळखी मासा बघावा तसा.

पंधरा दिवसांच्या गोळ्या.
पुढची तारीख, बुधवार.
पंधरा दिवसांनी हम पानी में होंगे, सुखलाल म्हणाला.
तरी मी तारीख लिहिली. शिक्का मारला.
गोळ्या त्याने प्लास्टिकमध्ये बांधल्या, पुन्हा दुसऱ्या प्लास्टिकमध्ये,
आणि माझ्याकडे रबरबँड मागितला.

तो बुधवार गेला.
पुढचा गेला.
त्याच्या पुढच्या सोमवारी सुखलाल एकटा आला,
केसपेपर खारट, कडा फुगलेल्या.
पेशंट कुठाय?
नेट पे है. छोड़ा नहीं.
पेशंट समोर हवा, मी म्हटलं. नियमच आहे.
मी म्हटलं खरं.
मग उठून त्याला आत घेऊन गेले.

फोन लागायला पाच खेपा लागल्या.
टेबलावर स्पीकर. वारा, कोणाची तरी शिवी, दोर ओढल्याचा आवाज.
बाईंनी विचारलं, "न्हीद पडटा?"
सुखलाल उलथा करायला वाकला,
तेवढ्यात तिकडून, मधल्या कोणाविना,
जेटीवरच्या कोळणींकडून उचललेल्या कोंकणीत:
"मातशी."
थोडीशी.

बाई म्हणाल्या, पुढल्या खेपेला आणायलाच हवं त्याला.
सात दिवसांच्याच दिल्या.
त्याहून जास्त देता येत नाहीत, म्हणाल्या, आणि खाली बघत राहिल्या.

मी खिडकीत परतले.
तो पहिला शब्द मी विचारून घ्यायला हवा होता,
कसा का असेना, देवनागरीत उतरवून ठेवायला हवा होता.
सुखलाल तोवर गेटाबाहेर होता,
मडगावच्या गाडीला हात करत.